येऊ दे, येऊ दे

फ्लॅट विकला तेव्हा जावई एवढंच म्हणाला,
दसऱ्यापर्यंत परत याल.
दसरे दोन झाले.

आमचं घर सतरा फूट लांब, सहा फूट रुंद.
आधी ते पोरांना शाळेत सोडायचं.
मागच्या काचेवर अजून 'सावकाश' आहे,
खालचं 'मुलं आहेत' कुणीतरी खरवडलंय.
उद्यमनगरात महिनाभर पत्रा कापला भूपालनं.
एसटीच्या वर्कशॉपात जन्मभर इंजिनं उतरवलेला माणूस
माझ्या चटणीच्या बरणीसाठी कप्पा मोजत बसला,
मिलिमीटरमध्ये.

लोक विचारतात, काय काय पाहिलंत?
आम्ही नळ पाहिले.
कागलच्या पंपावरचा, पहाटे पाचला जोर असतो.
शिये फाट्यावरच्या गॅरेजचा, मालकाला विचारून.
पन्हाळ्यावरचा, नुसता आवाज करणारा.
पाणी गाळूनच घ्यायचं, हे सासूबाईंचं फडकं
ऐंशी लिटरच्या टाकीच्या तोंडाला नेमकं बसलं.
आणि दिवस बुडायच्या आत जेवायचं,
ते आधी धर्मासाठी होतं, आता बॅटरीसाठीही.
पुण्य किती साठलं ठाऊक नाही,
काटा साडेबाराच्या वर राहतो.

मे महिन्यात फ्रीज दमतो.
मग दही बाहेर, टोमॅटो बाहेर,
आत माझं इन्सुलिन एकटं, साहेबासारखं.

संडासाच्या पेटीबद्दल कुणी विचारत नाही.
दर तिसऱ्या दिवशी स्टँडामागे नेऊन रिकामी करतो तो,
दहा रुपये देऊन, डोक्याला टॉवेल बांधून.
एक्केचाळीस वर्षांत कधी तोंडानं काही बोलला नाही.
बोलायचं राहिलं असेल ते असं फेडतोय.

नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला.
पत्ता? पोरगी नवीन होती.
भूपाल म्हणाला, उभी असते तिथं.
मी चिमटा काढला आणि लिहिलं:
द्वारा रमजान मुजावर, फौंड्रीशेजारी, उद्यमनगर.
टेलिफोन एक्स्चेंजात चौतीस वर्षं
दुसऱ्यांची घरं जोडून दिली मी,
स्वतःचं दुसऱ्याच्या नावावर लिहिताना
पेन थांबलं जरा.

माझा अंगठा पहिल्या फटक्यात जिवंत.
त्याचा मशीनला सापडेना.
लोखंडानं रेषा कधीच खाल्ल्या होत्या.
पुसून लावला, ओला करून लावला,
मागच्या रांगेतले म्हातारे सल्ले देऊ लागले.
मग डोळा लावू म्हणाली पोरगी.
डोळाही घेईना.

तिथं कळलं. डावा मोतीबिंदू पिकलाय, उजवा वाटेवर आहे.
म्हणजे हा माणूस वर्षभर आंबा घाट
सवयीनं चालवत होता.
मी बँकेच्या पायरीवर बसले आणि
त्याला काहीच बोलले नाही. मुद्दाम.

ऑपरेशन झालं. धूळ नको, डोळ्यात पाणी नको.
सांगलीला लेकीच्या गेटसमोर गाडी लावली.
ती म्हणाली, पप्पा, वर बेड आहे.
हे म्हणाले, खाली पण आहे.
रात्री दहाला वॉचमन आला,
पाहुण्यांच्या गाड्या दहापर्यंतच.
लेक खाली उतरली गाऊनवरच,
काय बोलली त्याच्याशी कळलं नाही.
सकाळी त्यानं चहा आणून दिला.

आता मी शिकते. सहासष्टाव्या वर्षी.
आरटीओतल्या माणसानं कार्डावरचं वय दोनदा वाचलं.
पुढं जायचं जमतं. पुढं कुणालाही जमतं.
मुजावरांच्या भिंतीला गाडी पाठ लावून उभी करायची,
म्हणजे सोलरला दुपारचं ऊन मिळतं,
ते जमत नाही.

तो मागे उभा, एका डोळ्यावर हिरवी झडप,
पत्र्यावर थाप मारत:
येऊ दे, येऊ दे.
आरशात त्याचं अर्धंच अंग दिसतं.
येऊ दे, जरा डाव्या हाताला. नव्हे, माझ्या डाव्या.
येऊ दे.
त्याला नीट दिसत नाही, मला नीट येत नाही,
आणि मध्ये सगळा संसार,
भांडी, औषधं, भरलेली टाकी, मागे सरकतोय.

बस!

हँडब्रेक ओढून उतरले.
भिंत दोन बोटांवर होती.
तो म्हणाला, चार.